स्टिअरिंग कॉलम आवळला तरी पुन्हा ढिला होतोय? आधी पाणी कुठे मुरतंय ते शोधा

गाडीत शिरताना सवयीने स्टिअरिंगचा आधार घेतला आणि ते बोटभर खाली आलं. सोडलं तर 'टक' असा बारीक आवाज करून परत जागेवर. ही तिसरी वेळ. आधी दोनदा डॅशबोर्डखाली हात घालून कॉलमचे, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा धरणाऱ्या नळीचे, बोल्ट आवळून झाले होते, एकदा मी स्वतः आणि एकदा गॅरेजमध्ये. दोन्ही वेळा पाना करकचून लागला, हलणं थांबलं आणि पाच-सहा आठवड्यांत चोरपावलांनी परत आलं. तुमच्या जुन्या गाडीचंही हेच रडगाणं असेल तर चौथ्यांदा पाना उचलायच्या आधी जरा थांबा. एवढ्या लवकर ढिला होणारा बोल्ट बहुतेक वेळा आधी नीट आवळला गेलेलाच नसतो. पान्याला मात्र तो घट्ट वाटतो, आणि तिथेच आपण फसतो.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. स्टिअरिंग फिरवल्यावर पुढची चाकं उशिरा, झटक्याने वळत असतील, स्टिअरिंग आपल्याकडे ओढल्यावर दांड्यासकट बाहेर येत असेल, किंवा दांड्याच्या खालच्या टोकाच्या जॉइंटचा बोल्ट गळून पडलेला दिसला, तर गाडी जागेवरून हलवू नका. 'गॅरेजपर्यंत हळूहळू नेतो' हा विचारही नको, टो करून न्या. नुसतं वर-खाली हलणारं स्टिअरिंग त्यामानाने सौम्य प्रकार आहे, पण तोही आठवडेच्या आठवडे अंगावर काढण्यातला नाही.

ढिलाई नक्की कुठल्या दिशेची?

'स्टिअरिंग ढिलं आहे' या एका वाक्यात तीन वेगवेगळे आजार लपलेले असतात, आणि तिन्हींची दुरुस्ती वेगळी. गाडी सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक ओढा, किल्ली फिरवून स्टिअरिंग लॉक काढा, इंजिन बंदच ठेवा.

पहिली दिशा वर-खाली आणि डावी-उजवी. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा आणि न फिरवता हलवून बघा. अख्खा कॉलम, म्हणजे इंडिकेटरच्या दांड्या, खालचं प्लास्टिकचं कव्हर, सगळं एकत्र हलत असेल तर दोष कॉलम डॅशबोर्डला जिथे टांगलेला असतो तिथे आहे. कव्हर स्थिर आणि फक्त स्टिअरिंग हलत असेल तर वरचं बेअरिंग किंवा बुश (दांड्याला फिरताना आधार देणारं कडं) गेलेलं आहे, नाहीतर स्टिअरिंगचा मधला नटच ढिला आहे.

दुसरी दिशा आत-बाहेर. स्टिअरिंग स्वतःकडे ओढा, मग समोर ढकला. इथे काही जाणवलं तर बेअरिंगवर दाब ठेवणारी स्प्रिंग किंवा दांड्याला अडवून धरणारी सर्क्लिप याकडे बघायचं. टेलिस्कोपिक (आत-बाहेर सरकवता येणारा) कॉलम असेल तर त्याचं लीव्हर आधी नीट बसवून घ्या, नाहीतर उगाच भलत्या गोष्टीच्या मागे लागाल.

तिसरी दिशा फिरण्याची. स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलकेच फिरवा आणि पुढची चाकं हलायला लागेपर्यंत ते किती मोकळं फिरतं ते बघा. ३८० मिमी व्यासाच्या स्टिअरिंगवर एक अंश म्हणजे कडेला साधारण ३.३ मिमी. त्यामुळे बोटाला बराच वाटणारा प्ले, म्हणजे हे मोकळं फिरणं, प्रत्यक्षात दोन-तीन अंशांचाच असू शकतो. किती चालतो हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, आणि रॅक असलेल्या गाडीपेक्षा स्टिअरिंग बॉक्स असलेल्या गाडीत तो जास्त चालवून घेतात. हा प्ले कॉलमच्या खालच्या भागांतून येतो: युनिव्हर्सल जॉइंट, रबरी कपलिंग, स्टिअरिंगचा गिअरबॉक्स किंवा चाकांना वळवणारे टाय रॉड. कॉलमचे बोल्ट कितीही आवळा, त्याला ढिम्म फरक पडत नाही.

ही परीक्षा एकट्याने होत नाही. मी पुतण्याला सीटवर बसवलं आणि पाठीवर झोपून डोकं पेडलांपाशी घातलं. तो वरून "काका, आता?" विचारायचा आणि मी "हळू, हळू, फक्त वर-खाली" असं ओरडायचो. शेजाऱ्यांची करमणूक झाली असणार. पण दहा मिनिटांत कळलं की जॉइंट ठणठणीत आहेत आणि हलतोय तो कॉलमचा वरचा ब्रॅकेट.

अर्ध्या मिलिमीटरचा तमाशा

कॉलम म्हणजे एक नळी आणि तिच्या आत फिरणारा दांडा. नळी दोन ठिकाणी धरलेली असते: खाली फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा), आणि वर डॅशबोर्डच्या आडव्या लोखंडी बीमला ब्रॅकेटने. स्टिअरिंग त्या ब्रॅकेटच्या बरंच पुढे, चालकाच्या दिशेने, अधांतरी. ब्रॅकेटच्या बोल्टच्या पुढच्या आणि मागच्या जोडीत ८० मिमी अंतर धरा आणि स्टिअरिंग पुढच्या जोडीपासून ४०० मिमीवर. मग मागच्या जोडीपाशी फक्त अर्धा मिलिमीटर फट पडली तरी स्टिअरिंग अडीच मिलिमीटर हलतं. त्यात उतरता-चढताना आपण त्याच्यावर अंगाचा भार टाकतो. म्हणून डॅशबोर्डखाली बघताना 'हे तर जवळजवळ घट्टच आहे' असं वाटलं तरी सोडून देऊ नका. तिथला जवळजवळ म्हणजे वरचा खुळखुळा.

तपकिरी पूड आणि फिरणारा वायसर

खालचं कव्हर काढून टॉर्च मारला. चार बोल्टांपैकी तिघांच्या डोक्यांभोवती नुसती धूळ होती. चौथ्याभोवती मात्र बारीक तपकिरी पुडीचं कडं होतं, कुणी तपकीर सांडल्यासारखं, आणि त्याच्या आत ब्रॅकेटचा पत्रा घासून चकचकीत झालेला. दोन लोखंडी भाग दाबाखाली सूक्ष्म घासत राहिले की अशी पूड निघते. तो गंजच असतो, पण पाण्यामुळे नव्हे तर हालचालीमुळे आलेला. कुठला सांधा हलतोय हे सांगणारा यापेक्षा चांगला साक्षीदार नाही. म्हणून कव्हर काढल्या काढल्या फडकं मारू नका, आधी बघून घ्या, फोटो काढा.

त्या बोल्टला पाना लावला तर तो घट्ट. जरासुद्धा फिरेना. आणि तरीही त्याच्या डोक्याखालचा वायसर मी बोटाने फिरवला तर तो गर्रकन फिरला!

बोल्ट घट्ट पण वायसर मोकळा, हे कसं? बोल्ट बाहेर काढल्यावर उलगडा झाला. बाकीच्या तीन बोल्टांना डोक्यापर्यंत आटे होते. हा मात्र अर्ध्या आट्यांचा, वर गुळगुळीत दांडी असलेला. आधीच्या कुठल्या तरी दुरुस्तीत मूळ बोल्ट हरवला असावा आणि डब्यात सापडला तो बसवला गेला असावा. व्यास तोच, लांबी जवळपास तीच. पण आत शिरताना आटे संपले, गुळगुळीत दांडी वेल्ड केलेल्या नटाच्या तोंडाला टेकली आणि बोल्ट तिथेच अडला. पान्याला वाटलं घट्ट झालं. ब्रॅकेट मात्र दाबलाच गेला नव्हता. दोनदा आवळताना आम्ही त्या नटाच्या तोंडाशी कुस्ती खेळत होतो.

बोल्ट ताणला जातो, त्या ताणाने दोन पत्रे एकमेकांवर दाबले जातात, आणि त्यांच्यातल्या घर्षणावर सांधा टिकतो. दाब पुरेसा नसेल तर पत्रे आडवे सरकू लागतात, आणि दर सरकण्यागणिक बोल्ट थोडा-थोडा उलटा फिरतो. १९६९ साली गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने हे चाचण्या घेऊन दाखवलं होतं: बोल्ट ढिले होण्यामागचा मोठा गुन्हेगार म्हणजे ही आडवी घसर. म्हणूनच 'स्प्रिंग वायसर टाक, होईल ठीक' हा सल्ला इथे कामाचा नाही. पत्रे आडवे घसरत असतील तर स्प्रिंग वायसर काही बोल्टला अडवून धरत नाही. माझ्या गाडीत उरलेल्या तीन बोल्टांवर सगळा भार आला, ते त्या घसरीत हळूहळू सुटत गेले, आणि आवळले की पुन्हा महिनाभर तग धरायचे.

तर तुमच्या कॉलमचे बोल्ट एकेक करून बाहेर काढा आणि शेजारी-शेजारी ठेवा. लांबी, आट्यांची लांबी, डोक्यावरचा ग्रेडचा (ताकदीचा) आकडा, सगळं जुळतं का बघा. एखादा वेगळा दिसला तर संशय त्याच्यावर. नटाच्या आट्यांत रंग किंवा गंज बसलेला असला तरी अगदी हाच प्रकार होतो. बोल्ट हाताने शेवटपर्यंत फिरत गेला पाहिजे. मध्येच अडला तर योग्य मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे साफ करा. एम८, म्हणजे ८ मिमी व्यासाच्या, बोल्टचे जाड आटे १.२५ मिमीच्या पिचचे (एका आट्यापासून पुढच्या आट्याचं अंतर) असतात. बारीक आट्यांचा बोल्ट त्यात जबरदस्तीने घातला की नटाचे आटे गेलेच म्हणून समजा.

ब्रॅकेटचं भोकही तपासा. माझं किंचित अंडाकृती झालं होतं. थोडंसं असेल तर जाड, रुंद, कडक वायसर चालून जातो. जास्त असेल, किंवा भोकाच्या कडेपासून केसासारखी चीर निघालेली दिसली, तर ब्रॅकेट बदला. आणि ब्रॅकेटचे बोल्ट ज्या पत्र्यात शिरतात तो बीमला जिथे स्पॉट वेल्डने जोडलेला असतो तिथे स्क्रूड्रायव्हरने हलका दाब देऊन बघा. वेल्ड तुटलेला असेल तर बोल्टचा बिचाऱ्याचा काही दोषच नाही.

कॅप्सूल: इथे जुगाड करू नका

काही कॉलममध्ये बोल्ट थेट ब्रॅकेटमधून न जाता अॅल्युमिनियमच्या छोट्या तुकड्यांमधून, म्हणजे कॅप्सूलमधून, जातात. हे तुकडे ब्रॅकेटच्या एका बाजूने उघड्या खाचेत बसवलेले असतात आणि प्लास्टिक ओतून तिथे पकडलेले असतात. नीट पाहिलं तर त्यावर प्लास्टिकचे फिकट ठिपके दिसतात. समोरून धडक झाली आणि चालकाची छाती स्टिअरिंगवर आदळली, की ते प्लास्टिक तुटतं, ब्रॅकेट कॅप्सूलवरून निसटतो आणि कॉलम पुढे दबतो. दांडा छातीत घुसू नये म्हणून ही सगळी योजना. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून याविषयीचे सुरक्षा नियम लागू झाले, आणि दबणारा कॉलम पुढे जगभर रूढ झाला.

वर्षानुवर्षांच्या उन्हाने आणि धक्क्यांनी हे प्लास्टिक ठिसूळ होऊन तुटतं. मग बोल्ट व्यवस्थित घट्ट, वायसर घट्ट, आणि तरी ब्रॅकेट कॅप्सूलवर डुगडुगतो. अशा वेळी वेल्डिंगचा एक टाका मारून मोकळं व्हायचा मोह होतो. माझ्या ओळखीच्या एकाने तो मारलाही होता. कॉलम दगडासारखा पक्का झाला, पण धडकेत निसटायची वाट कायमची बंद. कॅप्सूल काढून तिथे जाड वायसर घालणं हा त्याच चुकीचा धाकटा भाऊ. कॅप्सूल तुटली असेल तर ब्रॅकेट किंवा अख्खा कॉलम बदलायचा, मग तो शोधायला दोन महिने लागले तरी चालतील.

याच कारणासाठी आणखी एक: स्टिअरिंग काढताना दांड्यावर हातोडा मारू नका. दबणाऱ्या कॉलममध्ये दांड्याच्या आतही तुटण्यासाठीच बनवलेले प्लास्टिकचे पिन असतात. स्टिअरिंग पुलरनेच काढायचं. मधला नट पूर्ण काढू नका, चार-पाच आटे लागलेले ठेवा, नाहीतर सुटलेलं स्टिअरिंग थेट नाकावर येतं. नट सोडवताना स्टिअरिंग हाताने धरा, किल्लीच्या लॉकवर जोर टाकू नका. आणि काढण्याआधी दांडा आणि स्टिअरिंग दोन्हींवर रंगाची एक खूण करा.

टिल्ट कॉलम

टिल्टचा (वर-खाली वाकवता येणारा) कॉलम असेल तर प्रकरण थोडं खोल जातं. एका हाताने टिल्टच्या सांध्याखालची नळी घट्ट धरा आणि दुसऱ्याने स्टिअरिंग हलवा. नळी स्थिर आणि वरचं डोकं गोल-गोल डुलत असेल तर ढिलाई आतली आहे, बाहेरचे बोल्ट आवळून काही होणार नाही. आधी लीव्हर बघा: काही गाड्यांत लीव्हर बोल्टला कॅमने ताणतं, आणि झीज झाली की ते पूर्ण बंद होऊनही पकड येत नाही. लीव्हर काढून नट थोडा पुढे आवळून परत बसवलं की काम होतं. काहींत इथे उलटे आटे असतात, म्हणून फिरत नाही म्हणून जोर लावण्याआधी दिशा खात्री करून घ्या.

जुन्या अमेरिकन टिल्ट कॉलममध्ये मात्र एक ठरलेला आजार आहे. डोक्याच्या आतला आधार नळीला चार लहान बोल्टांनी जोडलेला असतो आणि वर्षांनुवर्षं टिल्ट वर-खाली करून, स्टिअरिंगला धरून चढ-उतार करून ते चारही ढिले होतात. त्यांची डोकी बाहेरून ताऱ्यासारखी, म्हणजे उलट्या टॉर्क्सची. ई८ सॉकेट लागतं. तिथपर्यंत पोचण्यासाठी स्टिअरिंग, त्याखालची स्प्रिंग लागलेली लॉक प्लेट, इंडिकेटरचा स्विच, मग टिल्टच्या दोन पिना, असं एकामागून एक सोलत जावं लागतं. लॉक प्लेट दाबून धरायचं खास हत्यार भाड्याने मिळालं तर घ्या; पक्कड आणि स्क्रूड्रायव्हरने ती प्लेट अडवणारी रिंग काढायचा खेळ मी पाहिलाय, त्यात रिंग उडून खोलीच्या कोपऱ्यात जाते आणि संध्याकाळ शोधण्यात. एवढं उघडलंच आहे तर चारही बोल्ट बाहेर काढून, साफ करून, थ्रेडलॉकर (आट्यांत घट्ट होऊन बोल्ट सुटू न देणारा द्रव) लावूनच परत बसवा. नुसते आवळून बंद केलेत तर हे सगळं परत सोलायची वेळ येईल.

बुश आणि बेअरिंग

वरचं बुश काही जुन्या गाड्यांत नायलॉनचं, काहींत फेल्टचं असतं. ते झिजलं की खडबडीत रस्त्यावर कॉलममधून खडखड येते आणि स्टिअरिंग फक्त स्वतःपुरतं हलतं. हे बदलणं सोपं, पण बुश जर रबरात बसवलेलं असेल तर त्याला साधं ग्रीस चोपडू नका, रबर फुगतं; सिलिकॉन ग्रीस वापरा. पत्र्याची पट्टी गुंडाळून झिजलेलं बुश घट्ट करणं चार दिवस टिकतं आणि मग ती पट्टीच दांड्यावर चरे पाडते.

खालच्या युनिव्हर्सल जॉइंटचा चिमटा बोल्ट (जॉइंट दांड्यावर आवळून धरणारा) सोडवायचा असेल तर त्याआधी जॉइंट आणि दांडा दोन्हींवर खूण करा. बऱ्याच गाड्यांत हा बोल्ट दांड्यावरच्या खाचेतून जातो. म्हणून दांडा योग्य खोलीवर नसेल तर बोल्ट आत शिरत नाही, आणि ठोकून घातला तर आटे जातात. दांडा सुटलेला असताना स्टिअरिंग मोकळं फिरू देऊ नका. एअरबॅगच्या गाडीत आतली गुंडाळलेली केबल तुटते. सीटबेल्ट स्टिअरिंगमधून ओवून लावून टाकला की ते जागेवर राहतं. एअरबॅग असेल तर काम सुरू करण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबायचं, हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो.

परत बसवताना

सेल्फ-लॉकिंग नट असतील तर नवेच घाला. एकदा काढलेल्या नटाची पकड कमी झालेली असते. थ्रेडलॉकर निळा, म्हणजे मध्यम ताकदीचा. लाल वापरलात तर पुढच्या वेळी बोल्ट सोडवायला तो खूप तापवावा लागेल, आणि डॅशबोर्डखाली, वायरींच्या शेजारी, ते कोण करणार? थ्रेडलॉकर हवा तुटल्यावर धातूच्या संपर्कात घट्ट होतो, म्हणून आटे ब्रेक क्लीनरने धुऊन कोरडे केलेले हवेत. तेलकट आट्यांवर तो फुकट जातो. एक-दोन थेंब पुरे. जास्तीचा ओघळ इग्निशनच्या किंवा स्विचच्या प्लास्टिकवर गेला तर काही प्लास्टिक त्याने तडकतं. पूर्ण पक्का व्हायला साधारण २४ तास द्या, लगेच खड्ड्यांतून चक्कर मारू नका.

आधी सगळे बोल्ट हाताने लावा, स्टिअरिंग आणि कॉलम मधोमध आला की एकाआड एक थोडे-थोडे आवळा. टॉर्क (आवळण्याचा जोर) मॅन्युअलमधलाच. ८.८ ग्रेडच्या एम८ बोल्टसाठी सर्वसाधारण तक्त्यात २५ न्यूटन-मीटरच्या आसपास आकडा दिसतो, पण कॅप्सूल असलेल्या कॉलमला त्याहून कमी सांगितलेला असेल तर तोच पाळायचा. आणि टॉर्कचा पाना क्लिक झाला की वायसर बोटाने फिरवून बघा. तो हलला तर क्लिकवर विश्वास ठेवू नका, बोल्ट बाहेर काढा.

शेवटी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर येणारी रंगाची एक सरळ रेघ ओढा. नेलपॉलिशही चालतं, मी घरातलंच घेतलं आणि बोलणी खाल्ली. बोल्ट थोडा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते, पाना लावायची गरज नाही.

पूर्ण आट्यांचा योग्य बोल्ट, नवा कडक वायसर आणि बाकी तिघांना थ्रेडलॉकर, एवढ्यावर माझं काम झालं. ५०० किलोमीटर झाल्यावर कव्हर काढून बघितलं, मग तीन महिन्यांनी पुन्हा. चारही रेघा जागच्या जागी आहेत आणि पूड नाही. पुतण्या मात्र अजून गाडीत बसला की आधी स्टिअरिंग वर-खाली हलवतो.